वांगी रंगाची लाइफ जॅकेटं

माझ्या मेव्हण्याने बोट घेतली, तेव्हा तिची पूजा मोटारीच्या पूजेसारखीच झाली. अडचण एवढीच होती की मोटारीच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि बोटीला चाकं नसतात. यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ज्या गाड्यावर लादून ती आणली होती, त्याच्या चाकांखाली लिंबं ठेवली, गाडा पुढे ढकलला, लिंबं फुटली, आणि बोट पाण्यात उतरायच्या आधीच रस्त्यावरच्या अपघातांपासून सुरक्षित झाली. नारळ फोडायला शेजारी दगड आणावा लागला, कारण तिच्या अंगावर फोडला असता तर चरा पडला असता. पुढे हार, मागे हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. गुरुजींनी मनू आणि माशाची गोष्ट सांगितली. माशाच्या शिंगाला दोर बांधून मनूची होडी प्रलयातून कशी तरली, ते त्यांनी फार छान सांगितलं. त्या होडीत बसलेल्यांनी अंगात काय घातलं होतं, याचा पुराणात उल्लेख नसावा. निदान गुरुजींनी केला नाही.

हे सगळं चाललं होतं पवना धरणाच्या फुगवट्यावर, मेव्हण्याच्या फार्महाउसपुढे. माझी सासुरवाडी पिंपळे गुरवची. तिथली जुनी, गावठाणातली माणसं. त्यांच्या ज्वारीच्या रानात आता बिल्डिंगा उभ्या आहेत आणि त्या बिल्डिंगांमुळे मेव्हण्याला बोट घेता आली. माझे वडील मराठवाड्यातून आकुर्डीच्या कारखान्यात कामाला आले आणि आम्ही तिथेच वाढलो. आमच्या मूळ गावी पोहण्याची कला फारशी रुजली नाही, कारण तिला लागणारा कच्चा माल मिळत नसे. मी स्वतः चाकणला मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. सीटच्या आतला फोम बरोबर आहे की नाही, हे बघणं माझं काम. त्यासाठी यंत्रं आहेत, पण खरं सांगायचं तर माझा अंगठा यंत्राच्या आधी सांगतो. फोम दाबायचा, सोडायचा, तो कसा वर येतो ते बघायचं. बरोबर नसेल तर लाल पट्टी लावून बाजूला काढायचा. नाही म्हणण्याचा मला पगार मिळतो.

सासुरवाडीत नाही म्हणण्याची पद्धत नाही. त्यात तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाचा मान मोठा असतो, आणि अलीकडे तो इतका मोठा झालाय की जावयाला त्यात हरवल्यासारखं होतं. मेव्हण्याने धोंड्याचं जेवण आणि बोटीचं उद्घाटन एकत्र घेतलं होतं. फार्महाउसच्या फाटकावर माझ्या फोटोचा फ्लेक्स होता. त्यात मला गॉगल घातलेला होता, जो माझ्याकडे नाही. मला फेटा बांधला, शाल घातली, गुडघ्यापर्यंतचा रेशमी कुडता दिला आणि खाली पीतांबर. पीतांबर रेडिमेड होता. निऱ्या शिवलेल्या, कमरेला चिकटपट्टी. नेसायची कटकट नाही, असं वहिनी, म्हणजे मेव्हण्याची बायको, म्हणाल्या. चाळणीत अनारसे ठेवून सासूबाईंनी वाण दिलं. पदर डोक्यावरून पुढे ओढून त्या माझ्याकडे न बघता माझ्याशी बोलतात, इतक्या वर्षांनंतरही. पहिल्या फेरीचा मान माझा, बायकोचा आणि आमच्या मुलीचा होता.

मुलगी तेव्हा तिसरीतून चौथीत गेली होती. गेला महिनाभर ती शाळेतल्या मैत्रिणींना मामाच्या बोटीबद्दल सांगत होती. तिला पोहता येत नाही.

आता जॅकेटांविषयी. मेव्हण्याने बोटीबरोबर लाइफ जॅकेटं घेतली होती, हे त्याच्या बाजूने आधीच नोंदवलं पाहिजे. पुष्कळ लोक तेवढंही करत नाहीत. जॅकेटं चांगली होती, केशरी रंगाची, सगळी मोठ्यांच्या मापाची. पण वहिनींना केशरी रंग चालेना. घंटागाडीवर कचरा उचलणाऱ्यांच्या अंगात असतात तशी दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय त्या दिवशी सगळ्या घराचा पोशाख वांगी रंगाचा ठरला होता, सोनेरी काठाचा. मग जॅकेटं पिंपळे गुरवमधल्या त्यांच्या नेहमीच्या टेलरकडे गेली. त्याने प्रत्येकावर वांगी रंगाच्या सॅटिनचं कव्हर शिवलं, कडेने जरीचा काठ लावला आणि पाठीवर घराण्याचं नाव भरतकामात काढलं. काम सुबक होतं. दोन पायांच्या मधून घ्यायचा जो पट्टा असतो, तो त्याने सगळ्यांचा कापून टाकला होता. चारचौघांत बायकांनी ते असं कसं घालायचं, असं वहिनींनी त्याला विचारलं होतं. छातीवर फार फुगीर दिसतं म्हणून त्याने जॅकेटांना फिटिंगही करून दिलं होतं. मुलांसाठी दोन-तीन मोठी जॅकेटं कापून लहान केली होती. आमच्या मुलीसाठी वहिनींनी आठवणीने एक करून घेतलं होतं आणि त्यावर तिचं नाव काढून घेतलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात कुणाचाच हेतू वाईट नव्हता.

मी वाचणारा माणूस आहे. शाम्पूच्या बाटलीच्या मागचंही वाचतो. बोट येणार असं कळल्यापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचत होतो आणि कंटाळा येईपर्यंत बायकोला ऐकवत होतो. जॅकेट बोटीत ठेवायचं नसतं, अंगात घालूनच बसायचं असतं, कारण पडणारा माणूस आधी कळवून पडत नाही. ते भडक रंगाचं असतं ते दुरून डोकं दिसावं म्हणून. शिट्टी असते ती ओरडून घसा बसतो म्हणून. चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची एक लाल दोरी असते. तो पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते, इंजिन बंद पडतं आणि बोट त्याच्याच अंगावर फिरून येत नाही. मेव्हण्याच्या बोटीत ती दोरी होती. तिला लिंबू-मिरची बांधली होती.

पूजा संपल्यावर वहिनींनी सगळ्यांना जॅकेटं वाटली. मुलगी धावत माझ्याकडे आली, मी तिचं बक्कल लावलं आणि बरोबर बसलंय का बघायला तिच्या छातीवर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला आणि हळूहळू वर आला.

लाइफ जॅकेटातला फोम असा वागत नाही. तो घट्ट असतो, पाणी पीत नाही. हा मऊ होता, दमाने वर येणारा. मी त्याला ओळखलं. हा आमच्यातला होता, म्हणजे मोटारीच्या सीटमधला. चाकण-भोसरीच्या भंगारात असल्या फोमचे तुकडे किलोवर मिळतात. टेलरने छातीचा जाड फोम काढला होता आणि सपाट दिसावं म्हणून त्या जागी हा भरला होता. मी तिला वळवून पाठ दाबली. पाठीला मूळचाच होता, कारण पाठीवर भरतकाम होतं आणि त्याला खाली काहीतरी टणक हवं होतं. सीटचा फोम पाण्यात गेला की स्पंजासारखा पाणी पितो. म्हणजे ती पाण्यात पडली असती, तर छाती जड होऊन खाली गेली असती आणि पाठ वर आली असती. जॅकेटाने तिला तरंगतं ठेवलं असतं, पण तोंड पाण्यात घालून. मी माझं जॅकेट दाबलं. तेच. बायकोचं दाबलं. ती म्हणाली, लोक बघतायत.

मी तिला बाजूला नेऊन सांगितलं. तिला ते कळलं. ती हुशार आहे. पण तिला बाकीचंही कळत होतं. तिची आई पहाटेपासून पुरण वाटत होती. तिच्या भावाने गावभर लोक बोलावले होते. ती म्हणाली, "आज नका ना काही काढू. तिचं पोट दुखतंय असं सांगू आपण." मला ही युक्ती पटली, यातच माझं धैर्य काय ते दिसतं. आम्ही तसं सांगितलं. मुलगी शेजारीच उभी होती. तिने सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं की तिचं पोट अजिबात दुखत नाही.

मग मला मेव्हण्याकडे जावं लागलं. मी शक्य तितक्या हळू बोललो. तो माझ्याहून लहान आहे आणि मला मानतो. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि त्याच्या मित्रांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाजी, आज रविवार आहे राव. आज कशाला रिजेक्शन काढताय?"

मित्र हसले. त्यातला एक म्हणाला की दाजींच्या गावाला पाणी टँकरने येतं, एवढं सगळं एका जागी बघायची त्यांना सवय नाही. हे वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसलो असतो. मेव्हणा मला समजावू लागला की बोट उलटतच नाही, तिच्या कंपनीने तसं सांगितलंय. आणि आपण काय समुद्रात चाललोय का. ड्रोनवाला वर यंत्र उडवून थांबला होता. त्याच्या भाड्याचा वेळ चालला होता.

त्याच वेळी मी ते केलं. आजही मला नीट सांगता येत नाही की मी ते मुलीसाठी केलं की त्या टँकरवाल्या वाक्यासाठी. मी म्हणालो, मी आत जाऊन दाखवतो, मग ठरवा. आणि फेटा, कुडता, पीतांबर आणि वांगी रंगाचं जॅकेट अशा पोशाखात मी पाण्यात उतरलो.

जॅकेट आधी उथळ पाण्यात तपासून बघावं, असं मी वाचलेलं होतं. कंबरेएवढ्या पाण्यात जायचं, पाय उचलायचे, मागे रेलायचं. पण ज्याने ते लिहिलं होतं, त्याने उन्हाळ्याच्या शेवटी आटलेल्या धरणाचा काठ बघितला नसावा. तिथे चिखल आहे, पिंडरीपर्यंत येणारा, आणि तो आलेल्याला सहज सोडत नाही. कंबरेएवढ्या पाण्यात जाईपर्यंत माझी दोन्ही पायताणं गेली होती. मी मागे रेललो, पाय उचलले, आणि जॅकेटाने मला झेललं. क्षणभर मी छान तरंगलो. काठावरून टाळ्या आल्या. मेव्हणा म्हणाला, बघा, तरंगतंय की. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, अजून त्याने पाणी प्यायलेलं नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्याने प्यायलं.

छाती जड झाली. खालचा पट्टा नसल्याने जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं. पाठीकडून कुणीतरी उचलावं तसा मी पालथा झालो. फेटा आधी गेला. मी पाय खाली टाकले तर एक चिखलात रुतला आणि दुसरा पीतांबरात. जिथे मी उभा राहिलो असतो तर पाणी नाभीला लागलं असतं, तिथे मी बुडत होतो. हे किती हास्यास्पद आहे, हे मला त्या पाण्यातही समजत होतं. मग मेव्हणा कपड्यांनिशी आत आला आणि त्याने मला काखेत धरून बाहेर ओढलं. मी बाहेर आलो. पीतांबर आला नाही. चिकटपट्टी पाण्यात सुटते, हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

मी सासूबाईंसमोर उभा होतो. अंगात भिजलेला, जॅकेटात अडकून वर गोळा झालेला कुडता, आणि खाली निळ्या पट्ट्यांची चड्डी. ज्या बाईने इतकी वर्षं माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं नव्हतं, तिने मला पूर्ण बघितलं आणि मान फिरवली. कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. सासूबाईंनी मान फिरवलेलीच ठेवून मुलाला सांगितलं, "त्यास्नी आदी कोरडं करा. मग हसा." मेव्हण्याने खुर्चीवरची शाल उचलून माझ्या कमरेला गुंडाळली. सत्काराच्या शालीचा इतका नेमका उपयोग मी कुठे बघितलेला नाही.

माझी कल्पना होती की आता सगळ्यांना पटेल. मी जॅकेट काढून पिळून दाखवणार होतो. त्यातून बादलीभर पाणी निघालं असतं. पण लोकांनी बघितलं ते वेगळंच. दाजी घसरले. दाजींना पोहता येत नाही. दाजींनी हट्ट केला आणि धोतर गमावलं. यात फोम कुठेच नव्हता. आणि मी, ज्याला सगळं माहीत होतं, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीनंतर तोंड उघडू शकलो नाही. मी जॅकेट गवतावर टाकलं आणि शाल घट्ट धरून उभा राहिलो.

मुलगी रडत होती. मामाने तिला उचलून बोटीकडे न्यायचा प्रयत्न केला, चल, पप्पा बरे आहेत, असं म्हणून. ती म्हणाली, मला नाही जायचं, मला घरी जायचंय. तिला पाण्याची भीती वाटली असेल, असं मला आधी वाटलं. पण ती पाण्याकडे बघत नव्हती. ती मामाच्या मुलांकडे बघत होती. ती दोघं हसू दाबत होती. माझ्या सगळ्या वाचनाने, अंगठ्याने आणि प्रात्यक्षिकाने जे झालं नाही, ते तिला वाटलेल्या माझ्या लाजेने झालं. ती बोटीत बसली नाही.

बोट गेली. मेव्हणा चालवत होता. वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मित्र बसले होते. मुलांच्या अंगात तीच कापून लहान केलेली जॅकेटं होती. मी त्यांना दुसऱ्यांदा काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. एक माणूस दिवसातून एकदाच नागडा होऊ शकतो, अशी काहीतरी सबब मी मनाशी तयार केली होती.

बोट मध्यावर गेली आणि तिचं इंजिन बंद पडलं. नंतर कळलं की वळताना लिंबू-मिरची कशाला तरी अडकून लाल दोरी ओढली गेली होती. काठावर ते कुणाला माहीत नव्हतं. आवाज थांबला एवढंच. माणसं उभी राहिली, बोट एका बाजूला कलली. आणि मला आनंद झाला.

हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. शब्द दुसरा नाही, आनंदच. छोटासा, गरम. आता कळेल, असं मनात आलं. त्या बोटीत बापासारखेच माझी हक्काने थट्टा करणारे दोन भाचे होते, त्यांच्या छातीवर सीटचा फोम होता, आणि मी काठावर शाल गुंडाळून आपण बरोबर ठरण्याची वाट बघत होतो. हे सगळं इतका थोडा वेळ टिकलं की शेजारी उभ्या बायकोला कळलंही नसेल. पण मी तिच्याकडे बघू शकलो नाही. इंजिन सुरू झालं. बोट फेरी मारून नीट परत आली. काहीही झालं नाही. उतरताना मेव्हणा माझ्याकडे बघून प्रेमाने हसला आणि मला त्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही. चड्डीची लाज आठवड्याभरात ओसरते. ही दुसरी कुणी बघितलीच नव्हती, त्यामुळे ती कुणी विसरणारही नव्हतं.

जेवायला धोंडे होते, तुपात बुडवलेले. मला आग्रह झाला. मेव्हण्याच्या ट्रॅक पॅंटमध्ये बसून मी ते खाल्ले. परत येताना गाडीत मुलगी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून होती. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, वरून घेतलेला, संगीतासह. ड्रोनचा कॅमेरा फार चांगला होता.

बायकोने माझं ओलं जॅकेट एका पिशवीत घालून घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने गॅलरीत बसून ब्लेडने त्याची शिवण उसवली. आतून फोमचे तुकडे निघाले, राखाडी, भंगारातले, अजून ओले. तिने एक पिळला. बराच वेळ पाणी निथळत राहिलं. मग पाठीचा तुकडा काढून बादलीत टाकला, तो तरंगला. छातीचा टाकला, तो थोडा वेळ राहिला आणि खाली बसला. ती बादलीकडे बघत म्हणाली, "तुम्ही बरोबर होता, हे मला कळलंय. पण तिथे ते तसं करून दाखवायचं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही." मी म्हणालो, मलाही नाही. माझ्या त्या आनंदाबद्दल मी तिला सांगणार होतो. पण ती उठली, ते तुकडे परत पिशवीत भरले आणि बसने एकटी पिंपळे गुरवला गेली. तिथे काय बोलणं झालं, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती आली तेव्हा पिशवी रिकामी होती आणि तिचे डोळे लाल होते.

काही दिवस काहीच नाही. मग मेव्हण्याचा फोन आला. रामराम वगैरे न करता त्याने विचारलं, "दाजी, लहान पोरांचं जॅकेट बघून कसं घ्यायचं असतं?"

मी सांगितलं. आत पट्टीवर वजन लिहिलेलं असतं, ते मुलाच्या वजनाशी जुळवून घ्यायचं. शाळेचा गणवेश घेतो तसं वाढत्या अंगाचं घ्यायचं नाही, पुढच्या वर्षी नवीन घ्यायचं. मानेमागे डोकं टेकायला कॉलर आणि उचलायला मूठ असलेलं बघायचं. घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायचं. हनुवटी किंवा कान आत जायला लागले तर ते सैल आहे. पायांमधला पट्टा कापायचा नाही. तो ऐकत होता. मध्येच त्याने विचारलं, रंग केशरीच राहू द्यायचा का. मी म्हणालो, हो. तो म्हणाला, बायकोला मी सांगतो. शेवटी तो म्हणाला, "आणल्यावर येऊन बघाल का? मला अंगठ्याचं काय समजत नाय."

मला जायचं नव्हतं. सासूबाईंसमोर पुन्हा उभं राहावं लागणार होतं आणि त्या दोन भाच्यांसमोरही. पण पाऊस लागायच्या आत एका रविवारी आम्ही गेलो. ड्रोन नव्हता, मित्र नव्हते, फ्लेक्सवरचा माझा गॉगलवाला चेहरा उन्हाने फिकट झाला होता. मी एकेक जॅकेट दाबून बघितलं. काम करताना माणसाला बरं वाटतं. डोळे वर करावे लागत नाहीत. चिखलावर मेव्हण्याने फळ्या टाकल्या होत्या. तो स्वतः आधी पाण्यात गेला, पाय उचलून मागे रेलला, तोंड आभाळाकडे करून तरंगला आणि तसाच बराच वेळ राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग वहिनी पंजाबी ड्रेसमध्ये उतरल्या. पट्टा बांधताना त्यांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. सासूबाईंना नऊवारीत तो पट्टा अजिबात अडला नाही. त्या म्हणाल्या, "आमाला त्यात काय नवं हाय," आणि तेही पहिल्यांदाच माझ्याकडे बघून, पण डोक्यावरचा पदर पुढे ओढूनच.

भाचे दोघं माझ्यापुढे ओळीने उभे राहिले. मी त्यांचे पट्टे आवळले. धाकट्याने विचारलं, काका, आता आम्ही नाही ना बुडणार. मी म्हणालो, नाही, पण नीट बसा. मी बक्कल पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

सगळ्यात शेवटी मुलगी. ती येणार नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो. बायकोनेही तिला विचारलं नव्हतं. पण सगळे तयार झाल्यावर ती आपणहून पुढे आली आणि हात वर करून उभी राहिली. मी तिला केशरी जॅकेट घातलं. छातीवर अंगठा दाबला. तो आत गेला नाही. खांद्यांना धरून वर ओढलं. ती अख्खी वर उचलली गेली, पण जॅकेट जागचं हललं नाही. शिट्टी तिच्या हातात दिली. तिने ती एकदा वाजवून बघितली.

मी विचारलं, मीही येऊ का बरोबर. तिने बोटीकडे बघितलं, मामाच्या मुलांकडे बघितलं. ती दोघं आधीच बसली होती. मग जवळ येऊन, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तिकडे झाडाखाली उभे राहा ना. पाण्यापासून लांब."

मी झाडाखाली गेलो. बोट निघाली आणि ती लहान होत गेली तरी केशरी ठिपके वेगवेगळे दिसत होते. त्यातला सर्वांत लहान कोणता, ते मला नीट कळत होतं. तिने एकदा मागे वळून बघितलं. मी हात हलवणार होतो, पण मग तसाच खिशात ठेवला.